वेबसाइटचं कोटेशन कसं वाचायचं? : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

वेबसाइट करून घेताना पडलेले प्रश्न कळवा, असं आवाहन आम्ही केलं होतं. मुंबईच्या निरनिराळ्या भागांतून पत्रं आली. डिझाइन, रंग, अक्षरं यांबद्दल थोडकेच विचारणारे निघाले; बहुतेकांची काळजी पैशांची होती. म्हणून या वेळी सगळे प्रश्न खर्चाचेच घेतले आहेत.

प्रश्न : गिरगावात आमचा घरगुती मसाले, भाजणी आणि दिवाळीच्या फराळाचा व्यवसाय आहे. साधारण ४० पदार्थ आहेत. ऑनलाइन ऑर्डर घेता यावी म्हणून तिघांकडून कोटेशन घेतलं. एकाने १२ हजार सांगितले, एका डिझायनर मुलीने ८४ हजार आणि एका कंपनीने २ लाख ४० हजार. काम एकच, मग वीसपट फरक कसा? स्वस्तातला फसवतोय की महागातला?

कुणी फसवत असेलच असं नाही. तुम्ही तिघांना एकच वाक्य सांगितलंत, "ऑनलाइन ऑर्डर घेता आली पाहिजे," आणि त्या वाक्यातून तिघांनी तीन निराळी कामं ऐकली. गिऱ्हाइकाने कामाचं वर्णन लिहून दिलं नाही की डिझायनर ते आपल्या समजुतीप्रमाणे ठरवतो आणि त्याची किंमत सांगतो. तुमच्या हातात आहेत त्या तीन वेगवेगळ्या कामांच्या तीन किमती.

वेबसाइटला कच्चा माल जवळजवळ लागत नाही. तुम्ही विकत घेता ते माणसांचे तास. त्यामुळे कोटेशन आलं की ते तासांत मोडून पाहावं. समजा पहिल्याचा दर ताशी ४०० रुपये आहे, तर १२ हजारांत तो ३० तास देईल. डिझायनर मुलीचा दर ७०० धरला तर ८४ हजारांत १२० तास येतात. कंपनीचा १,२०० धरला तर २०० तास. त्या दरात ऑफिसचं भाडं, हिशेब ठेवणारा, तुमच्याशी फोनवर बोलणारा असा सगळा पसारा येतो. हे दर इथे केवळ हिशेबापुरते घेतले आहेत. तुम्ही तिघांना त्यांचा खरा दर विचारा, आणि तो सांगायला कुणी कचरलं तर निदान तासांचा अंदाज मागा. तोही ज्याला देता येत नाही, त्याने कामाचा विचारच केलेला नाही.

३० तासांत काय होतं? वर्डप्रेस या साइट उभारायच्या सॉफ्टवेअरवर तयार थीम, म्हणजे साइटचा आयता साज, बसते, वूकॉमर्स हे दुकानाचं मोफत प्लगइन, म्हणजे जोड-सॉफ्टवेअर, त्यावर चढतं, तुमचा लोगो आणि रंग लागतात, पाच-सहा पदार्थ नमुन्यादाखल भरले जातात, पैसे घेण्यासाठी गेटवे जोडला जातो. उरलेले ३४ पदार्थ, फोटो, मजकूर, कुरिअरचे दर हे सगळं तुमच्या अंगावर येतं. संगणकाशी मैत्री असणारं कुणी घरात असेल तर हा व्यवहार मुळीच वाईट नाही.

१२० तासांची वाटणी साधारण अशी पडते. गरज समजून घेणं आणि रचना ठरवणं ८ तास, डिझाइन ३६, प्रत्यक्ष उभारणी ३०, पदार्थ भरणं १४, पैसे आणि पार्सल यांची व्यवस्था १०, वेगवेगळ्या फोनवर तपासणी ८, दुरुस्त्या १०, तुम्हाला शिकवणं ४. यातल्या 'पदार्थ भरणं' या ओळीकडे नीट पाहा. एका पदार्थाला १००, २५० आणि ५०० ग्रॅमचे तीन दर, घटक, टिकण्याचा कालावधी आणि फोटो भरायला २० मिनिटं धरली तर ४० पदार्थांना ८०० मिनिटं, म्हणजे चौदा तासांच्या आसपास. ७०० रुपयांच्या दराने हे ९,८०० होतात. तासभर शिकून घेऊन हे काम तुम्ही स्वतः केलंत तर तेवढे पैसे वाचतात, आणि पुढे दर बदलताना कुणाचं तोंड पाहावं लागत नाही.

"किती पानांची साइट?" हा प्रश्न सगळे विचारतात, पण किंमत पानांवर ठरत नाही, साच्यांवर ठरते. तुमच्या ४० पदार्थांची ४० पानं एकाच साच्यातून निघतात. मुखपृष्ठ, पदार्थांची यादी, एका पदार्थाचं पान, टोपली आणि पैसे भरण्याचं पान, आमच्याविषयी, संपर्क असे सहा साचे तुम्हाला पुरतील. प्रत्येक साचा दोनदा आखावा लागतो, फोनसाठी आणि मोठ्या पडद्यासाठी. 'आमच्याविषयी' आणि 'संपर्क' हे दोन साचे एकत्र केले तर सहा तास सहज कमी होतात. चाळीसचे पन्नास पदार्थ केले तरी डिझाइनचा खर्च रुपयानेही वाढत नाही.

खरे तास खातं ते पार्सल. फराळाच्या व्यवसायात हे आधी लक्षात येत नाही आणि मग ऐन दिवाळीत भांडण होतं. कुरिअरवाले वजन दोन प्रकारे मोजतात आणि जे जास्त भरेल त्याचे पैसे लावतात. एक काट्यावरचं वजन; दुसरं आकारमानाचं, जे बहुतेक ठिकाणी लांबी, रुंदी आणि उंची सेंटीमीटरमध्ये गुणून ५,००० ने भागून काढतात. ३० बाय २५ बाय २० सेंटीमीटरच्या खोक्याचं आकारमान १५,००० होतं, म्हणजे वजन ३ किलो धरलं जाईल. आत पोह्यांचा चिवडा भरला तर काट्यावर ते जेमतेम दीड किलो भरतं. साइटवर नुसत्या ग्रॅमवर दर लावला असेल तर दर पार्सलमागे फरक तुमच्या खिशातून जातो. खोक्यांचे ठरावीक तीन-चार आकार, प्रत्येकात किती पाकिटं बसतात आणि मुंबईत, महाराष्ट्रात, बाहेरच्या राज्यांत काय दर लागतो, हा तक्ता आधी कागदावर करा. तो तयार असेल तर डिझायनरचं काम तीन-चार तासांचं. नसेल तर तुमच्यासोबत तो तक्ता बनवण्याचे तासही बिलात येतात.

अमेरिकेतल्या भावाला फराळ पाठवायची सोय हवी असेल तर ते कोटेशन स्वतंत्र मागा. परदेशी कार्डांसाठी गेटवेची वेगळी मंजुरी लागते, व्यापारी निर्यातीसाठी आयईसी हा आयात-निर्यात क्रमांक लागतो, आणि कुरिअरचे दर देशागणिक बदलतात. पहिल्या वर्षी हे बाजूला ठेवलेलं बरं.

गेटवेचा खर्च डिझायनरच्या बिलात दिसत नाही, पण तो कायमचा असतो. बऱ्याच गेटवेंचं शुल्क व्यवहाराच्या २ टक्के आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी असं असतं. १,००० रुपयांच्या ऑर्डरवर २० अधिक ३.६०, म्हणजे तुमच्या हातात ९७६ रुपये ४० पैसे. युपीआयवर एमडीआर, म्हणजे दुकानदाराकडून घेतलं जाणारं व्यवहाराचं शुल्क, शून्य आहे, तरी गेटवे स्वतःचं प्लॅटफॉर्म शुल्क लावू शकतो. ते आधी विचारा.

गेटवेवाले खातं चालू करण्यापूर्वी साइटवर संपर्काचा पत्ता, परताव्याचं धोरण, गोपनीयता धोरण आणि अटी ही पानं पाहतात. ती नसली की अर्ज अडकतो, आणि "साइट तयार आहे पण पैसे घेता येत नाहीत" अशी अवस्था होते. खाद्यपदार्थ विकता म्हणजे एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी क्रमांक दिसला पाहिजे. ई-कॉमर्सच्या २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क देणं, तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात करणं अपेक्षित आहे. घरगुती व्यवसायात तो अधिकारी तुम्ही स्वतःच असाल, पण नाव द्यावं लागतं. ही पानं कोण लिहिणार, हे १२ हजारांच्या कोटेशनमध्ये बहुधा नसेल.

राहिले फोटो. ४० पदार्थांचे तीन-तीन म्हणजे १२० फोटो. खिडकीच्या उजेडात, पांढऱ्या कापडावर, एकाच अंतरावरून फोनने काढलेले फोटो मसाल्यांना पुरतात. फराळाच्या ताटाचे सात-आठ फोटो मात्र फोटोग्राफरकडून करून घ्या, कारण मुखपृष्ठावर तेच विकतात. नेटवरून उचललेला चकलीचा फोटो लावू नका. त्याचा मालक कुणीतरी असतोच.

आता तिघांनाही एकच कागद द्या : सहा साचे, ४० पदार्थ (भरणार तुम्ही), मराठी की इंग्रजी की दोन्ही, पार्सलचा तक्ता, गेटवे, धोरणांची पानं कुणी लिहायची, दुरुस्त्यांच्या किती फेऱ्या, किती दिवसांत. पुन्हा कोटेशन मागवा. पहिल्याचा आकडा वर चढेल, कंपनीचा कदाचित खाली येईल. तुमच्या कामाला डिझायनर मुलीकडचा मधला मार्ग योग्य वाटतो. कंपनीची गरज साठा, दुकान आणि ऑनलाइन हिशेब एकत्र जोडायचे असतील तेव्हा पडते.

प्रश्न : लालबागला आमची छोटी प्रकाशन संस्था आहे. पुस्तकांची माहिती आणि जुन्या अंकांतले लेख साइटवर द्यायचे आहेत. डिझायनर म्हणतो, मराठी साइटला २५ हजार जादा पडतील. मराठीचा दंड का भरायचा?

आकडा योग्य की नाही हे कामाच्या प्रमाणावर ठरेल, पण जादा काम खरंच असतं. काय काम ते समजून घ्या आणि त्या-त्या कामाचेच पैसे द्या.

पहिली अडचण जुन्या मजकुराची. तुमचे जुने अंक श्रीलिपी, आयएसएम किंवा कृतिदेवमध्ये लावलेले असणार. अशा अनेक जुन्या फाँटांत अक्षराच्या जागी रोमन चिन्हांचे सांकेतिक क्रमांक साठवलेले असतात. फाँट काढला की मजकूर वाचता येत नाही आणि गूगलला तो मराठी आहे हे कळतही नाही. वेबसाइटला युनिकोड लागतं, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत. रूपांतर करणारी साधनं मिळतात आणि बरंचसं काम मिनिटांत होतं, पण उरलेल्या चुका नेमक्या मराठीच्या मर्मावर बसतात. 'दऱ्या'चं 'दर्या' होतं, 'पुऱ्या'चं 'पुर्या' होतं, पहिली वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाते, रफार एक घर चुकतो, जोडाक्षरं सुटतात. म्हणून रूपांतरानंतर मुद्रितशोधन लागतंच. हे काम डिझायनरकडून करून घेऊ नका. तुमच्याकडे मुद्रितशोधक आहेत. शब्दांच्या हिशेबाने त्यांना द्या. २५ हजारांतला मोठा वाटा इथेच सुटेल.

'ॲ' या अक्षराकडे खास लक्ष असू द्या. युनिकोडमध्ये मराठीसाठी हे स्वतंत्र अक्षर आहे, पण जुन्या मजकुरात ते 'अ' आणि वरची चंद्रखूण असं दोन तुकड्यांतही लिहिलेलं आढळतं. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात. साइटवरच्या शोधाला ती दोन वेगळी वाटतात. वाचक 'ॲडव्होकेट' शोधतो आणि लेख असूनही सापडत नाही. सगळीकडे एकच रूप करून घ्यायला प्रोग्रामरला तासाभराचं काम आहे, पण ते आधी सांगावं लागतं.

दुसरं काम अक्षररचनेचं. इंग्रजीसाठी आखलेल्या थीममध्ये मराठी ओतली की वरच्या मात्रा आणि खालचे उकार एकमेकांना घासतात. रोमन मजकुराला ओळींमधली जागा अक्षराच्या आकाराच्या दीडपट पुरते, देवनागरीला १.६ ते १.८ पट लागते. बटणांची आणि मेनूची उंचीही त्याप्रमाणे वाढवावी लागते. इंग्रजी शीर्षकांना शोभा म्हणून अक्षरांमध्ये जागा सोडतात. तीच आज्ञा मराठीला लागू झाली की शिरोरेघ तुटते. हे दोष अनेक मराठी साइटवर दिसतात आणि वाचकाला नक्की काय खटकतंय हे सांगता येत नाही, पण तो पान बंद करतो.

फाँटचा खर्च शून्य ठेवता येतो. मुंबईच्याच एक टाइप या संस्थेने केलेले मुक्त आणि बलू, तसंच नोटो सान्स देवनागरी, हे खुल्या परवान्याचे आहेत. व्यावसायिक साइटवर पैसे न देता वापरता येतात. फक्त दोनच वजनं घ्या, साधं आणि ठळक. देवनागरी फाँटमध्ये जोडाक्षरांमुळे आकृत्या खूप असतात, फाइल जड होते, आणि पाच वजनं लावली की लोकलमध्ये फोन पाहणाऱ्याला बदलापूरपर्यंत पांढरं पान दिसतं. आणखी एक छोटी गोष्ट : पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी म्हणून नोंदवायला सांगा. ज्या फाँटांत सोय आहे त्यांत 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणं त्यामुळे येतात, नाहीतर हिंदी वळणं दिसतात. दृष्टिहीन वाचकांच्या वाचक-सॉफ्टवेअरलाही कोणत्या भाषेत वाचायचं ते त्यावरूनच कळतं. या नोंदीला जादा पैसे लागत नाहीत.

साइट दोन्ही भाषांत हवी असेल तर मात्र खर्च खरोखर वाढतो. साचे तेच राहतात, पण मजकूर, मेनू, फॉर्मवरच्या सूचना, ऑर्डरचे ईमेल सगळं दुप्पट होतं आणि पुढे प्रत्येक बदल दोनदा करावा लागतो. पुस्तकांची माहिती दोन भाषांत, लेख फक्त मराठीत, एवढ्यावर भागत असेल तर तसं ठरवा.

प्रश्न : डिझायनर साइटसाठी दरवर्षी ९ हजार रुपये 'मेंटेनन्स' मागतो. साइट तर झाली, मग पैसे कशाचे? (मुलुंड)

त्याला फोड करून मागा. डॉट इन किंवा डॉट कॉम नावाचं नूतनीकरण साधारण हजार रुपयांच्या आसपास असतं. छोट्या साइटचं सामायिक होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायची सर्व्हरवरची जागा, वर्षाला दोन ते सहा हजारांत मिळतं. पहिल्या वर्षीचा सवलतीचा दर आणि नूतनीकरणाचा दर यांत मोठी तफावत असते, म्हणून नूतनीकरणाचाच आकडा विचारा. पानाच्या पत्त्यात कुलूप दाखवणाऱ्या एसएसएल प्रमाणपत्राचे वेगळे पैसे कुणी मागत असेल तर हरकत घ्या. लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र फुकट असतं आणि बहुतेक होस्टिंगवर आपोआप नवं होतं.

उरतात ते मेहनतीचे पैसे, आणि ते वाजवी असू शकतात. वर्डप्रेस, थीम आणि प्लगइन महिन्याला एकदा तरी अद्ययावत करावी लागतात. न केलेली प्लगइन हेच साइट हॅक होण्याचं नेहमीचं कारण. अद्ययावत करण्याआधी बॅकअप, नंतर फॉर्म आणि पैसे भरणं चालतंय ना याची तपासणी, असा महिन्याला अर्धा तास धरला तरी वर्षाला सहा तास होतात. करारात लिहून घ्या : बॅकअप किती दिवसांनी, तो त्याच सर्व्हरवर की बाहेर (बाहेरच हवा), साइट बंद पडली तर किती तासांत हालचाल, आणि मजकुरातले किती छोटे बदल या पैशांत. यातलं काहीच होत नसेल तर तुम्ही नऊ हजारांना नाव आणि होस्टिंग विकत घेताय.

प्रश्न : विलेपार्ल्यात योगवर्ग चालवते. डिझायनर आता फोन उचलत नाही, आणि साइटचं नाव त्याच्याच खात्यावर आहे असं कळलं. पूर्ण पैसे दिले होते, तरी साइट माझी नाही का?

इथे दोन गोष्टी वेगळ्या आहेत : नाव, म्हणजे साइटचा पत्ता, आणि हक्क.

नाव ज्या खात्यातून नोंदवलं त्या खात्याचा आणि त्याला जोडलेल्या ईमेलचा ताबा ज्याच्याकडे, नाव त्याच्या हातात. हूइज या साइटच्या नावांच्या सार्वजनिक नोंदीत कोणत्या नोंदणी कंपनीकडे नाव आहे, मुदत कधी संपते हे दिसेल. मालकाचं नाव बऱ्याचदा झाकलेलं असतं. डिझायनरला लेखी, ईमेलने, ऑथ कोड, म्हणजे नाव दुसऱ्या खात्यात हलवायचा सांकेतिक शब्द, मागा आणि नावाचं लॉक काढायला सांगा. तो मिळाला की तुमच्या स्वतःच्या खात्यात नाव आणायला साधारण पाच ते सात दिवस लागतात. डॉट कॉम असेल तर त्यात एक वर्षाचं नूतनीकरणही होतं. नोंदणीनंतरचे पहिले ६० दिवस सहसा नाव हलवता येत नाही. मुदत संपत आली असेल तर घाई करा. डॉट कॉमची मुदत संपल्यानंतरची सवलतीची मुदतही उलटली की ३० दिवसांचा काळ असा येतो, ज्यात नाव सोडवून घ्यायला नेहमीच्या कितीतरी पट दंड पडतो, आणि त्यानंतर ते कुणीही घेऊ शकतं. डिझायनर दाद देत नसेल तर पैसे दिल्याच्या पावत्या आणि पत्रव्यवहार घेऊन नोंदणी कंपनीच्या तक्रार विभागाकडे जा.

हक्कांबाबत कायदा बहुतेकांच्या समजुतीपेक्षा वेगळा आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार पगारी नोकराने नोकरीत केलेल्या कामाचा हक्क मालकाचा, पण बाहेरच्या कंत्राटी माणसाने केलेल्या डिझाइनचा आणि कोडचा पहिला हक्क त्या माणसाचाच राहतो. पैसे दिले म्हणून तो आपोआप तुमच्याकडे येत नाही. कलम १९ प्रमाणे हक्कांचं हस्तांतर लेखी आणि सहीनिशी लागतं. त्यात मुदत लिहिली नाही तर ते पाच वर्षांचंच धरलं जातं, आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरतं. त्यामुळे पुढच्या वेळी करारात एक वाक्य घाला : शेवटचा हप्ता दिल्यावर डिझाइन, कोड आणि मूळ फाइलींचे सर्व हक्क कायमस्वरूपी आणि जगभरासाठी ग्राहकाकडे येतील. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोंना नियम उलटा आहे. वेगळं ठरलं नसेल तर ते तुमचे.

आणि नाव नेहमी स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या कार्डाने नोंदवावं. दहा मिनिटांचं काम आहे.

प्रश्न : कोटेशनवर '१८ टक्के जीएसटी वेगळा' असं लिहिलंय. द्यायलाच हवा का? आणि टीडीएस? (दादर)

डिझायनर नोंदणीकृत असेल तर हो. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांपुढे गेली की महाराष्ट्रात नोंदणी सक्तीची आहे. नोंदणी नसलेल्याला जीएसटी आकारता येत नाही. त्यामुळे बिलावर जीएसटीआयएन हा अक्षरं आणि अंक मिळून १५ चिन्हांचा जीएसटी नोंदणी क्रमांक पाहा (महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो) आणि जीएसटी पोर्टलवर तो टाकून नाव जुळतं का बघा. तुमची स्वतःची नेहमीच्या पद्धतीची नोंदणी असेल तर हा कर तुम्हाला क्रेडिट म्हणून मिळतो आणि ८४ हजारांचं कोटेशन तुम्हाला ८४ हजारांनाच पडतं. नोंदणी नसेल किंवा छोट्या व्यावसायिकांसाठीच्या कंपोझिशन योजनेत असाल तर ते ९९,१२० होतं. दोन कोटेशनची तुलना करताना हा फरक धरायलाच हवा.

टीडीएस कंपनी आणि भागीदारी संस्थेला कापावा लागतो, वर्षाची रक्कम ठरलेल्या मर्यादेपुढे गेल्यावर. एकट्याच्या मालकीच्या व्यवसायाची आदल्या वर्षीची उलाढाल एक कोटीच्या आत असेल तर सहसा कापावा लागत नाही. दर कोणता लावायचा हे सीएला विचारा, आणि कापणार असाल तर डिझायनरला आधी सांगा.

प्रश्न : मुलगा म्हणतो, एआयने अर्ध्या तासात फुकट साइट होते. मग डिझायनर कशाला? (परळ)

दुकानाची वेळ, पत्ता, नकाशा, चार फोटो आणि व्हॉट्सॲपचं बटण एवढंच हवं असेल तर मुलाचं ऐका. गूगलवर व्यवसायाची नोंद फुकट होते, तीही आधी करा. गल्लीतल्या दुकानाला तिचा उपयोग साइटपेक्षा जास्त होतो. एआयला तुमच्या गिऱ्हाइकाला काय विचारायचं असतं ते ठाऊक नसतं, आणि तयार झालेली साइट दुसरीकडे हलवता येते का, मासिक शुल्क पुढे किती, हे प्रश्न तिथेही विचारावे लागतात. पैसे घ्यायचे, नोंदणी करायची, गिऱ्हाइकांची माहिती साठवायची असेल तर जाणता माणूस हवाच. ती माहिती फुटली तर जबाबदारी तुमची असते.

प्रश्न : मी भांडुपला राहतो, दोन वर्षं वेब डिझाइन करतो. किती दर लावावा हेच कळत नाही. कमी सांगितलं की काम संपत नाही, जास्त सांगितलं की गिऱ्हाईक परत येत नाही.

दर आधी स्वतःच्या गरजेवरून काढा. समजा घरखर्च, इंटरनेट, लॅपटॉपची झीज, सॉफ्टवेअरची वर्गणी, आजारपणाची तरतूद धरून महिन्याला ६० हजार लागतात. २५ दिवस, ८ तास म्हणजे २०० तास झाले, पण त्यातले निम्मे फोन, कोटेशन, शिकणं, वसुली यांत जातात. बिल लावता येणारे तास १०० उरतात, म्हणून दर ६०० रुपये. प्राप्तिकर आणि काम नसलेले महिने धरून तो ७५० करा. याच्या खाली गेलात तर काम कितीही मिळालं तरी पुरणार नाही.

काम संपत नाही याचं कारण दर नाही, दुरुस्त्या आहेत. कोटेशनमध्ये दोन फेऱ्या लिहा, आणि फेरी म्हणजे सगळे बदल एकत्र, लेखी, एकाच माणसाकडून, असं स्पष्ट करा. संस्थेचं काम असेल तर हे विशेष महत्त्वाचं. सात विश्वस्त सात रंग सांगतात आणि प्रत्येकाचा फोन वेगळा येतो. अशा कामाला निर्णय घेणारा एकच माणूस आधी ठरवून घ्या, नाहीतर तासांत चौथा हिस्सा वाढवून कोटेशन द्या. तिसऱ्या फेरीपासून ताशी दर लागू करा.

दुसरी गळती मजकुराची. डिझाइन तयार असतं आणि 'आमच्याविषयी'चा परिच्छेद दोन महिने येत नाही. पैसे टप्प्यांत घ्या : ४० टक्के सुरुवातीला, ३० डिझाइन पसंत पडल्यावर, ३० साइट चालू करण्याआधी. सोबत लिहा की ठरलेल्या तारखेपासून ३० दिवसांत मजकूर आला नाही तर दुसरा टप्पा देय होईल.

काम पूर्ण झालं हे कशावरून ठरेल तेही आकड्यांत मांडा. फोनवर पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसणं ही गूगलचीच मर्यादा आहे आणि पेजस्पीड इनसाइट्सवर ती फुकट तपासता येते. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यातला कॉन्ट्रास्ट निदान ४.५ : १ असावा. "गूगलमध्ये पहिला नंबर आणून देतो" हे मात्र कधीही लिहू नका. तशी खात्री कुणालाच देता येत नाही, असं गूगल स्वतः सांगतं.

आणि घासाघीस सुरू झाली की दर कमी करू नका, काम कमी करा. ८४ हजारांचं काम ६० हजारांत हवं असेल तर यादीतून कोणते साचे गाळायचे, पदार्थ कोण भरणार, दुसरी भाषा पुढच्या वर्षी ठेवायची का, हे गिऱ्हाइकासमोर कागद ठेवून विचारा. बहुतेक गिऱ्हाइकांना तिथेच पहिल्यांदा कळतं की पैसे कशाचे लागतात, आणि त्यातली काही गाळलेली कामं ते दिवाळीनंतर घेऊन परत येतात.